केसात साठलेले हार्मोन: अस्वल, लांडगे, हत्ती आणि 'ताण' नावाचं प्रकरण

प्रेअरीकर

बिबट्यांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "जनावराला ताण आलाय हे ठरवतं कोण आणि कशावरून?" त्यावर दोन पानं भांडण झालं आणि उत्तर राहूनच गेलं. मी कॅनडात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे रानटी जनावरांचे केस येतात आणि आम्ही त्यातून हार्मोन काढतो. तेव्हा हा वेगळा धागा.

आधी अडचण काय आहे ते सांगतो. संकट आलं की मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं हार्मोन सोडतात आणि रक्तातलं प्रमाण काही मिनिटांत चढायला लागतं. म्हणून रक्त घ्यायचं तर जनावर हाताशी आल्यापासून साधारण तीन मिनिटांत घ्यावं लागतं. ग्रिझली अस्वलाच्या बाबतीत हे कसं जमणार? पिंजऱ्यात अडकलेल्या, मग भुलीची सुई खाल्लेल्या अस्वलाचं रक्त तपासलं तर आपण त्याला दिलेला त्रासच मोजून परत येतो. विष्ठा घेतली तर जनावराला हात लावावा लागत नाही, पण ती ताजी मिळायला हवी, लगेच गोठवायला हवी, आणि तिच्यातून कळतं ते आदल्या एक-दोन दिवसांचंच.

केसाचं तसं नाही. केस वाढत असतो तेव्हा त्याच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि रक्तातले स्टेरॉइड हार्मोन थोडे थोडे केसात मुरत जातात. केस त्वचेबाहेर आला की ते आत कोंडलेले राहतात. कागदी पाकिटात, अंधारात, कोरडा ठेवला तर केसाला फ्रीजही लागत नाही.

वन्य प्राण्यांत ही पद्धत पहिल्यांदा नीट मांडली गेली ती २००२ साली, इस्रायलमध्ये. ली कोरेन आणि सहकाऱ्यांनी रॉक हायरॅक्सच्या केसातून कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन मोजलं. हायरॅक्स दिसायला गलेलठ्ठ घुशीसारखा, पण नात्याने हत्तीच्या जवळचा. पुढे याच कामातून दिसलं की हायरॅक्सच्या माद्यांमधलं टेस्टोस्टेरॉन नरांपेक्षा कमी नसतं, आणि कळपात वरचा मान असलेल्या माद्यांत ते जास्त असतं. रक्तासाठी तेच तेच जनावर पुन्हा पुन्हा पकडून हे कळायला किती वर्षं गेली असती कोण जाणे.

आमच्या इकडची गोष्ट ग्रिझलीची. आल्बर्टात अस्वलांची गणती करायला झाडांभोवती काटेरी तार बांधतात, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. मध्ये कुजलेल्या रक्ताचं वासाचं आमिष. खायला तिथे काहीच नसतं, नुसता वास. अस्वल तारेखालून किंवा वरून आत शिरतं आणि काट्यांना केसांचा पुंजका राहतो. मुळातून डीएनए मिळतो, म्हणजे कुठलं अस्वल, नर की मादी हे कळतं. २०१० साली मॅकबेथ, कॅटेट, स्टेनहाउस, जॅन्झ वगैरे मंडळींनी दाखवलं की त्याच केसाच्या उरलेल्या भागातून कॉर्टिसॉल मोजता येतं आणि त्याला अगदी थोडे केसही पुरतात.

आता प्रयोगशाळेत काय चालतं ते. पाकीट उघडलं की पहिला येतो तो वास. पुंजक्यात डिंक, माती, लाळ, काय वाट्टेल ते असतं. आतली मऊ लव बाजूला काढायची, वरचे जाड लांब केस घ्यायचे, मुळं कापून टाकायची, कारण मुळाशी चिकटलेल्या पेशींत स्वतःचं कॉर्टिसॉल असतं. मग अल्कोहोलने धुवायचं. कमी धुतलं तर बाहेरची घाण मोजली जाते, जास्त धुतलं तर आतलं कॉर्टिसॉलही वाहून जातं, त्यामुळे कितीदा आणि किती वेळ हे प्रत्येक प्राण्यासाठी आधी पक्कं करावं लागतं. वाळवायचं, स्टीलच्या गोट्या असलेल्या कुपीत घालून हलवायचं. केसांची करड्या रंगाची पूड होते, इतकी हलकी की झाकण उघडताना मी श्वास रोखून धरतो. त्यावर मिथेनॉल घालून रात्रभर फिरत ठेवायचं, सकाळी नायट्रोजनच्या झोतात ते उडवायचं. तळाशी जे राहतं ते डोळ्यांना दिसतही नाही. ते द्रावणात घेऊन एलायझाच्या (रंगावरून हार्मोन मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर चढवायचं. गंमत अशी की या चाचणीत रंग जितका फिका, तितकं कॉर्टिसॉल जास्त. नवीन आलेली पोरं हमखास उलटं वाचतात.

उत्तर येतं पिकोग्रॅममध्ये. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एका मिलिग्रॅम केसाला असे काही मोजके पिकोग्रॅम.

मला या धाग्यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. तो केस *कधी वाढला* हे माहीत नसेल तर हा आकडा कुचकामी आहे. ग्रिझलीचा कोट वर्षातून एकदा बदलतो. उन्हाळ्यात जुना झडतो, नवा शरद ऋतूपर्यंत वाढतो, आणि हिवाळी झोपेत वाढ बंद. मे महिन्यात तारेला अडकलेला केस गेल्या वर्षाच्या उन्हाळ्याबद्दल बोलतो. यंदाच्या एप्रिलमध्ये जंगलात रस्ता झाला, त्याचा त्यात पत्ताच नसतो. तरी लोक बिनधास्त जोडतात.

खवचट_नाना

म्हणजे अस्वलाचे चार केस घ्यायचे आणि "साहेब गेल्या उन्हाळ्यात टेन्शनमध्ये होते" असा दाखला द्यायचा. आमच्या ऑफिसात ही सोय झाली तर बरं होईल, रजेच्या अर्जाला केस जोडता येतील.

गंभीर प्रश्न: हे आमच्या विजेच्या बिलासारखं झालं ना? महिन्याचे युनिट कळले, पण एसी कुठल्या रात्री चालला ते कळणार नाही.

प्रेअरीकर

नाना, बिलाची उपमा चोख आहे. फक्त तुमचा मीटर बारा महिने चालतो, अस्वलाचा हिवाळ्यात बंद असतो.

आणि "टेन्शन" असा दाखला आम्ही देत नाही. कॉर्टिसॉल म्हणजे दुःख नव्हे. ते साखर खेळती ठेवतं, भूक, पळापळ, माजाचा हंगाम, गाभणपण, सगळ्यात वरखाली होतं. हायरॅक्सचंच बघा. त्यांच्यातले काही नर खडकावर बसून लांबलचक गातात. या गाणाऱ्या नरांमध्ये ज्याचा दर्जा वरचा, त्याच्या केसात कॉर्टिसॉल जास्त निघालं. आता त्याला बिचारा म्हणायचं की सरदार?

अनघा_के

मला वाटलं माणसांच्या केसांबद्दल आहे म्हणून आले. 🙂 विचारतेच आता: माझे केस मूठभर गळतायत, तर ते तपासून माझा ताण कळेल का? इथे एक क्लिनिक "हेअर स्ट्रेस टेस्ट" म्हणून बरेच पैसे सांगतंय.

प्रेअरीकर

अनघाताई, माणसाचा डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे टाळूलगतचे तीन सेंटीमीटर म्हणजे मागचे तीन महिने. संशोधनात हे खूप वापरतात, पण शेकडो लोकांच्या गटांची तुलना करायला. एकट्या माणसाला "तुम्हाला इतका ताण आहे" असं सांगायला नाही. त्यातून गळलेला केस वाढायचा कधीच थांबलेला असतो. ते पैसे त्वचेच्या डॉक्टरांना द्या आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या.

माडाखालचा

दोडामार्गातून लिहितोय. आमच्याकडे २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून माड, केळी, सुपारी कशाचीच खात्री नाही. रात्री येतात, माड ढकलून पाडतात आणि आतला कोंब तेवढा खातात. बाकीचं झाड आमच्यासाठी ठेवून जातात! दरवेळी कोणीतरी पेपरात लिहितो की हत्ती बिचारे तणावात आहेत. फटाके आम्ही लावतो, रात्रभर जागे आम्ही, आणि तणाव हत्तीला? दादा, कोणी मोजलंय का हे?

लेंडीवाली

मोजलंय, आणि उत्तर तुम्हाला आवडेल. माझं काम विष्ठेतल्या हार्मोनवर आहे (आयडीवरून कळलंच असेल), म्हणून मध्ये पडते.

संजीता शर्मा पोखरेल, रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास आहे. दक्षिण भारतातल्या शेतात घुसणाऱ्या हत्तींच्या लेंड्यांची तुलना त्यांनी जंगलात राहणाऱ्या हत्तींशी केली. सगळ्यांना वाटलं होतं की फटाके, मशाली, पाठलाग यांमुळे शेतात येणाऱ्यांचं कॉर्टिसॉल जास्त असेल. निघालं कमी. त्यांनी लावलेला अर्थ असा की शेतातलं खाणं इतकं कसदार की बाकीच्या कटकटीची भरपाई होते. म्हणजे माडाखालचे काका, तुमच्या माडाचा कोंब खाऊन ते मजेत असण्याची शक्यता बरीच आहे.

पण ही तुमच्या दोडामार्गच्या हत्तींची मोजणी नाही. ते थोडेच आहेत आणि मूळ कळपापासून तुटलेले आहेत. त्यांचं गणित वेगळंही निघेल.

वाघांवरचाही सांगते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या गटाने कान्हा आणि बांधवगडमध्ये वाघांची विष्ठा तपासली. पर्यटन चालू असताना तणाव-हार्मोन जास्त, बंद असताना कमी. हे केसातून दिसलं असतं का, मला शंका आहे.

खवचट_नाना

म्हणजे शेतकरी मोजला तर कॉर्टिसॉल जास्त आणि हत्ती मोजला तर कमी. छान.

माडाखालचा

काका कशाला म्हणताय, चाळिशीच आहे माझी. 😀 पण हे आमच्या वनखात्यातल्या माणसांना वाचायला देतो. एक शंका. हत्तीला केस कुठे असतात? शेपटीलाच ना?

प्रेअरीकर

शेपटीचाच केस घ्यायचा, आणि तो तर या कामासाठी सोनं आहे. तारेसारखा जाड, लांब, आणि ऋतू बघून न झडता वाढतच राहणारा. आफ्रिकी हत्तींत तो महिन्याला दोन-अडीच सेंटीमीटर वाढतो असा हिशेब आहे, म्हणजे अर्ध्या मीटरच्या केसात दीड वर्षाहून जास्त काळ.

केनियातल्या सांबुरूमध्ये एक नर हत्ती होता, संशोधकांनी त्याचं नाव लुईस ठेवलं होतं. गळ्यात जीपीएस कॉलर. २००६ साली सर्लिंग आणि इयान डग्लस-हॅमिल्टन वगैरेंनी त्याच्या शेपटीच्या केसाचे तुकडे करून त्यातल्या कार्बनची समस्थानिकं (कमी-जास्त वजनाचे अणू) तपासली. गवत आणि मका यांची कार्बनमधली खूण झाडपाल्याहून वेगळी असते. केसावर स्पष्ट दिसलं की भाऊ डोंगराकडच्या जंगलात गेले की मक्याच्या शेतात शिरत होते. हे हार्मोन नव्हेत, पण केसाचा कुठला तुकडा कुठल्या महिन्याचा हे ठरवायचं तर असंच घड्याळ लागतं.

लेंडीवालीने सांगितलेल्या संजीता पोखरेल यांनीच पुढे जपानमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या आशियाई हत्तींच्या शेपटीच्या केसात कॉर्टिसॉल मोजलं, २०२१ मध्ये छापून आलं. तिथे हत्ती कधी आजारी होता, कधी काय घडलं याच्या नोंदी असतात, त्यामुळे केसातली चढउतार त्यांच्याशी ताडून बघता येते. रानात ही चैन नाही.

ओतूरकर

जुन्नर भागातला आहे म्हणून विचारतो. २००१ ते २००३ मध्ये आमच्याकडे बिबटे धरायचे आणि लांब नेऊन सोडायचे असा धडाका होता, आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले. बिबट्यांवर संशोधन करणाऱ्या विद्या अत्रेय यांनी त्यावर लिहिलंय. तेव्हा लोक म्हणायचे की पिंजऱ्याने जनावर बिथरलं. तेव्हा केस घेतले असते तर कळलं असतं का?

प्रेअरीकर

ओतूरकर, अर्धं कळलं असतं. धरताना घेतलेल्या केसातून *धरण्याआधीचे* महिने कळले असते, म्हणजे उसात राहणारा बिबट्या मुळातच त्रासात होता की निवांत. सोडल्यानंतरचं कळायला तोच बिबट्या पुन्हा सापडायला हवा. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे: पहिल्यांदा केस घेताना एक चौकोन कातडीलगत भादरून ठेवायचा. पुढे त्या चौकोनात जे उगवेल ते नंतरचंच. बंदिस्त जनावरांत हे नेहमी करतात.

पण एक काटा आहे. २०१४ साली कॅटेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पिंजऱ्यात किंवा फासात बराच वेळ अडकलेल्या ग्रिझलींच्या केसातलं कॉर्टिसॉल जास्त येतं. आता महिन्यांची नोंद ठेवणारा केस काही तासांत कसा बदलला? घामातून, त्वचेच्या तेलातून वरून मुरलं असणार किंवा त्वचेनेच तयार केलं असणार. सकाळपासून पिंजऱ्यात असलेल्या बिबट्याचा केस घेताना हे डोक्यात हवं.

लेंडीवाली

आता इथेच मला तुमच्याशी भांडायचंय, दादा. धाग्याच्या सुरुवातीला तुम्ही "रक्तातून केसात मुरतं" असं सरळ लिहिलंत. इतकं सरळ नाहीये ते. गिनीपिगना किरणोत्सर्गी खूण लावलेलं कॉर्टिसॉल टोचून बघितलं, २०१२ चा प्रयोग आहे. केसात त्यातलं अगदी थोडंच पोचलं, आणि केसाचं मूळ स्वतःच कॉर्टिसॉल बनवत असावं असा संशय आला. बंदिस्त कॅरिबू आणि रेनडिअर या उत्तरेकडच्या हरणांना अ‍ॅड्रिनलला उठवणारं एसीटीएच टोचलं, तर विष्ठेत आकडा चढला, केसात काहीच नाही. तेव्हा "आम्ही लेंड्या गोळा करतो, तुम्ही इतिहास वाचता" हा तोरा थोडा कमी करा.

प्रेअरीकर

तोरा मान्य नाही, बाकी सगळं मान्य. 🙂

कॅरिबूच्या प्रयोगाबद्दल माझं मत असं की एक-दोन इंजेक्शनांचा चढ काही तासांत उतरतो, आणि महिनोन् महिने वाढणाऱ्या केसात तो दिसू नये हे बरोबरच आहे. नानांच्या बिलात एका रात्रीचा एसी दिसत नाही तसं. उलट कॅनडा लिंक्सना (मोठ्या रानमांजरांना) पुन्हा पुन्हा टोचलं तेव्हा केसात वाढ दिसली. पण गिनीपिगचा मुद्दा टाळता येत नाही. केसाचं मूळ स्वतः कॉर्टिसॉल बनवतं हे माणसाच्या त्वचेतही दिसलंय. म्हणून प्रत्येक प्राण्यावर आधी बंदिवासात पडताळणी झाल्याशिवाय रानातल्या आकड्यांवर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. आणि बरेच पेपर ही पायरी गाळतात, हेही खरंच आहे.

वेगवेगळ्या प्राण्यांचे आकडे शेजारी मांडणं तर सोडूनच द्या. एकाच जनावराच्या मानेचा आणि पोटाचा केस वेगळा आकडा देऊ शकतो, काळा आणि पांढरा केसही.

खवचट_नाना

मग इतक्या अटी घातल्यावर शिल्लक काय राहिलं? काही उपयोग झाल्याचं एखादं उदाहरण द्या, नाहीतर हा धागा मी माझ्या अस्सल कॉर्टिसॉलच्या खाती टाकतो.

प्रेअरीकर

दोन देतो, नाना.

पहिलं लांडग्यांचं. कॅनडाच्या उत्तरेत लांडग्यांची शिकार फार होते, दक्षिणेच्या जंगलांत तुलनेने कमी. हेदर ब्रायन आणि सहकाऱ्यांनी शिकार झालेल्या लांडग्यांचे केस तपासले, २०१५. जास्त शिकार होते तिथे कॉर्टिसॉल जास्त होतंच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते प्रोजेस्टेरॉन, म्हणजे माद्यांच्या माज-गाभणपणाशी जोडलेलं हार्मोन. तेही जास्त. लांडग्यांच्या कळपात सहसा एकच जोडी पिल्लं घालते. शिकारीत मोठी जनावरं गेली की घडी विसकटते आणि जास्त माद्या माजावर येतात, असा त्यांचा अर्थ. दोन्हीकडचं रान वेगळं, खाणं वेगळं, तेव्हा सगळं शिकारीच्या माथी मारता येत नाही, हेही खरं. पण मेलेल्या लांडग्याच्या कातड्यावरून कळपाच्या आतलं काही कळणं, हे दुसऱ्या कशाने झालं असतं?

दुसरं मादागास्करच्या किरिंदी जंगलातलं. तिथे ग्रे माऊस लेमर असतो, मुठीत मावणारा. त्याला पकडायचं, केस घ्यायचे, सोडायचं, आणि पुढे तो पुन्हा सापळ्यात येतो का हे बघत राहायचं. २०१७ चा निष्कर्ष असा की ज्यांच्या केसात कॉर्टिसॉल कमी, त्यांची जगण्याची शक्यता जास्त. हा आकडा कुठून आला, रक्तातून की केसाच्या मुळातून, यावर लेंडीवाली आणि मी भांडत बसू. पण त्याचा मरणाशी संबंध लागला, ही साधी गोष्ट नाही.

ओतूरकर

जुन्या कातड्यांचं काय? गावोगावच्या वाड्यांत, संग्रहालयांत भुसा भरलेले वाघ-बिबटे आहेत की.

प्रेअरीकर

पूर्व ग्रीनलंडच्या ध्रुवीय अस्वलांवर डॅनिश लोकांनी तसं केलंय. १८९२ ते १९२७ मधले केस आणि १९८८ ते २००९ मधले केस, दोन्हींत कॉर्टिसॉल मोजलं. पेरूमधल्या पुरातन माणसांच्या केसातही सापडलंय. सापडतं, प्रश्न अर्थाचा आहे. उन्हाने केसातलं कॉर्टिसॉल कमी होतं, कातडं कमावताना रसायनं लागतात, आणि जनावर कुठल्या महिन्यात मारलं याची नोंद वाड्यात कोण ठेवतो? पाटीवर तारीख आणि ठिकाण असलेली संग्रहालयातली कातडी असतील तर विचार करता येईल.

अनघा_के

एक सांगा, माझ्या मामांनी मला हत्तीच्या केसाची अंगठी दिली होती, नजर लागू नये म्हणून. ती तपासता येईल का? गंमत म्हणून.

लेंडीवाली

अनघाताई, ती अंगठी असल्याचं इथे फार मोठ्याने बोलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हत्ती आहे, त्याच्या केसाची वस्तू विकणं-बाळगणं गुन्हा आहे. बाजारात मिळतात त्यातल्या कितीतरी प्लॅस्टिकच्या असतात हा त्यातल्या त्यात दिलासा.

माडाखालचा

मग आमच्या कुंपणाच्या तारेला हत्तीचा केस अडकला तर? दोनदा तरी बघितलाय मी. उचलून ठेवू का तुमच्यासाठी?

प्रेअरीकर

उचलू नका. आहे तिथे फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि वनपालांना फोन करा. गोळा करायची परवानगी त्यांच्याकडूनच लागते, आणि भारतातून केस बाहेर पाठवणं ही तर आणखी वेगळी भानगड. त्यांनी घेतला तर एवढं सांगा: कागदी पाकीट, प्लॅस्टिक नको, कारण कोकणातल्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी धरेल. उन्हात वाळत घालायचा नाही. आणि केसाचं मुळाकडचं टोक कुठलं ते पाकिटावर बाण काढून दाखवायचं, नाहीतर दीड वर्षाचा हिशेब उलटा वाचला जाईल.

लेंडीवाली

आणि शेजारी लेंडी पडलेली असेल तर तीही. ताजी असेल तरच, आणि थेट बर्फात.